राबाच्या दिवसांतला ऑर्गन

वर्गाच्या खिडकीतून आज तो वास आला. मी फळ्याकडे तोंड करून कवितेच्या ओळी लिहीत होते, तेव्हाच कळलं. शेण, सुका पाला, गवत आणि माती एकत्र भाजली की येतो तो वास. त्यात धूर कमी आणि माती जास्त. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, राब लावले." बाकीच्यांनी मानही वर केली नाही. मी "हं" म्हटलं आणि ओळ पुरी केली. मग खुर्चीत बसले, तर टेबलाखाली माझे पाय आपोआप खाली-वर होऊ लागले. आधी डावा, मग उजवा. मी ते जमिनीवर दाबून धरले. कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा गोष्टी लक्षात येऊ न देण्याचा मला आता चांगला सराव आहे.

महाड-पोलादपुराकडे चैत्र लागला की राब भाजतात. डोंगरउताराच्या ज्या तुकड्यात पुढे भाताची रोपं करायची, तिथे शेण पसरायचं, त्यावर तोडून वाळवलेली पानांसकट फांद्यांची टहाळ, त्यावर गवत, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर. मग एका कडेने विस्तव लावायचा. दिवसा नुसता धूर दिसतो, डोंगराला टेकून उभा राहिल्यासारखा. दिवेलागणीनंतर मात्र उतारावर लाल ठिपके उमटू लागतात. इथल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. मी मोठी होऊन घरी परत आले तेव्हा पहिल्या वर्षी घाबरून विचारलं होतं, "आत्या, डोंगरावर वणवा लागलाय का?" आत्या तांदूळ निवडता निवडता हसली होती. "एवढी इंग्रजी शिकलीस, आणि वणवा कोणता नि राब कोणता ते ओळखता येईना!"

ओळखणार कशी? आई गेली तेव्हा मी लहान होते. अप्पा महाडच्या कोर्टात वकील. घर सांभाळायला त्यांची विधवा बहीण, म्हणजे आत्या आली. मला पुण्याला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. सुट्ट्यासुद्धा बहुतेक पुण्यातच मामांकडे गेल्या. त्यामुळे माझ्या लहानपणाला डोंगर नाही, नदी नाही. आहे ती एक उंच, थंड, दगडी प्रार्थनेची खोली, आणि तिच्या कोपऱ्यातला ऑर्गन.

तो शिकवणाऱ्या बाईंना आम्ही नुसतं मिस म्हणायचो. कमी बोलायच्या, म्हणून मला आवडायच्या. मीही कमीच बोलते. प्रार्थनेच्या खोलीला पश्चिमेकडे रंगीत काचांची खिडकी होती. संध्याकाळी तिच्यातून ऊन आत येई आणि ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून हळूहळू सरकत जाई. आधी निळं, मग लाल, मग नुसतं पिवळट. एकदा माझा धडा चुकत होता. मिसनी पुढ्यातलं पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "सूर राहू देत. आता खिडकी वाजव." मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या वाट बघत उभ्या राहिल्या. मग मी डाव्या हाताने एक खालचा सूर धरून ठेवला आणि उजेड ज्या पट्टीवर येईल तिच्यावर बोट ठेवत गेले. ते काही गाणं झालं नाही. पण त्या दिवशी मला कळलं की उजेडालाही सावकाशपणा असतो, आणि पायांनी भाता चालवत सूर लांबवत नेणारं हे एवढंच वाद्य त्या सावकाशपणाला पुरतं. हातपेटी वाजवताना एक हात भात्याला अडकतो, आणि तिच्या सुराला दम नसतो. ऑर्गनला दम पायातून मिळतो.

मॅट्रिक होऊन मी महाडला आले. मिस विलायतेला परत गेल्या होत्या. त्याच हिवाळ्यात मुंबईची एक मोडकळीला आलेली नाटक कंपनी आपलं सामान विकत होती, आणि अप्पांनी तिचा ऑर्गन माझ्यासाठी घेतला. अप्पा असे मधूनच, न सांगता, फार चांगले वागत. लाँचने तो दासगावच्या बंदराला उतरला आणि गवतात बसवून बैलगाडीने महाडला आला. दोन पट्ट्या मुक्या होत्या आणि आतून तपकिरीचा वास यायचा. पुढच्या खोलीत, भिंतीला लावून तो ठेवला. ऑर्गनला गुडघ्यापाशी एक दांडी असते. गुडघ्याने ती बाहेर रेटली की आवाज उघडतो, सोडली की मिटतो. आत्याला ती दांडी अजिबात पसंत नव्हती. "बाईच्या जातीने असं गुडघे फाकून बसायचं? तुमच्या त्या मिशीसुद्धा अशाच बसायच्या?" मिसना ती नेहमी 'मिशी' म्हणे आणि स्वतःच हसत सुटे. पण दुपारी कामं आटोपली की तीच म्हणायची, "वाजव गं काहीतरी. झोप येते छान."

मग तो चैत्र आला.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची थोडी जमीन आहे. ती पारूबाई आणि तिचं घर कसतं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. त्या वर्षी आत्या कोकमं आणि फणसाचे गरे आणायला तिकडे गेली, आणि मला बरोबर घेऊन गेली. संध्याकाळी मी पारूबाईच्या अंगणाच्या कडेला बसले होते. समोरच्या उतारावर तिचा राब लागलेला. मला वाटत होतं आता भडका उडेल. पण लाल कड तेवढी वितभर सरकायची, काळी पडायची, मग तिच्या पलीकडून पुन्हा लाल व्हायची.

पारूबाई फांदी घेऊन कड सारखी करत होती. "काय बघतेस गो बाय? कितीबी बघितलंस तरी तो असाच सरकायचा."

"मोठा जाळ का होऊ देत नाहीस?"

"जाळ नको गो. जाळ झाला तं वरचा पाला जलंल नि माती थंडच ऱ्हाईल. धग खाली उतराया पायजे. वाऱ्याच्या उलट अंगानं लावायचा, म्हंजी घाई करत नाय." मग घाम पुसत म्हणाली, "आमचा मानूस म्हनतो, तुमचा राब म्हंजी आमच्या गिरनीचा बॉयलर. निस्ता बोलायला हुशार. हितं येऊन एक टहाल तोडल तं शपथ."

अंधार पडला तशी समोरची डोंगराची रेघ नाहीशी झाली. आमचा राब, त्याच्या वर दुसऱ्या कुणाचा, आणखी वर तिसरा. आणि त्यांच्याही वर एकदम तारे. मधे काहीच उरलं नाही. कुठला ठिपका माणसाने लावलेला आणि कुठला नाही, हे फक्त रंगावरून ओळखायचं. अप्पांनी मला गच्चीतून नक्षत्रं दाखवली होती, म्हणून आग्नेयेकडचा हस्त ओळखता आला. पाच ताऱ्यांचा, पंजासारखा. त्याच्या डावीकडे चित्रा, एकटी, पांढरी. आणि खाली डोंगराच्या बाजूला स्वाती, इतकी तांबूस की ती वर आलेली ठिणगीच वाटली. आमच्याकडे ही नावं सगळ्यांना पाठ असतात, पण पावसाची म्हणून. हस्ताचा पाऊस कसा झाला, स्वातीचा पडला का. त्या पावसाच्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, तारा दिसायचा प्रश्नच नसतो. नक्षत्र प्रत्यक्ष दिसतं ते असं चैत्रात, जेव्हा त्याच्याशी कुणाचं काही काम नसतं.

मी गुणगुणायला लागले होते हे मला कळलं नव्हतं. पारूबाईने विचारलं, "देवाचं म्हनतेस काय गो?"

"नाही. तुझा राब म्हणतेय."

ती एवढ्याने हसली की आत्या आतून बाहेर आली. "राबाचं गानं! आयकलंत काय आत्याबाय? मग त्यात शेनबी घाल गो बाय, नायतर पीक नाय यायचं!"

महाडला परत आल्यावर मी ते गाणं बांधायला बसले. गाणं म्हणते, पण त्याला शब्द नव्हते. सुरुवातीला डाव्या हाताचा सगळ्यात खालचा सूर, इतका मिटलेला की ऐकणाऱ्याला आधी तो सूर आहे हे कळू नये. पायाखाली फरशी थोडी हलते असं वाटावं. मग त्याच्या शेजारचा सूर. लागून असलेले दोन सूर एकदम धरले की त्यांच्यात थरथर उठते. ती माझी राबाची कड होती. ती वितभर सरकायची, विझायची, पुढून पुन्हा उठायची. मोठा आवाज करायचा मोह पदोपदी व्हायचा. तेव्हा मी गुडघा आवरून धरायची. धग खाली उतरायला हवी होती. फार उशिराने, खालचे सूर तसेच चालू ठेवून, उजव्या हाताची पाच बोटं एकदम पाच पट्ट्यांवर यायची. तो हस्त. मग चित्रेचा एकच सूर, दांडी पूर्ण उघडून. आणि शेवटी तांबूस स्वाती. तिच्यासाठी मी पुन्हा राबाचाच सूर घेतला होता, फक्त तीन सप्तकं वर. तो सूर वर आहे की खाली, हे ऐकणाऱ्याला सांगता येऊ नये अशी माझी इच्छा होती.

मिसनी शिकवलेल्या विलायती स्वरलिपीत मी ते पाच रेघांवर उतरवूनही ठेवलं. पण त्या रेघा वाचणारं महाडात दुसरं कुणी नव्हतं. ते खरं होतं ते फक्त मी वाजवत असताना.

एका संध्याकाळी कोर्टातून आलेले अप्पा आरामखुर्चीत पडले होते. तोंडावर वर्तमानपत्र होतं. मला वाटलं झोपलेत, म्हणून मी सबंध वाजवलं. संपल्यावर वर्तमानपत्राखालून आवाज आला, "हा कुठला राग?"

"राग नाही, अप्पा. राब आहे."

ते उठून बसले. मग म्हणाले, "अक्षय तृतीयेला वाचनालयाचा कार्यक्रम आहे. तिथे वाजव. लोकांना ऐकू दे." मी कुणाच्या घरी पाणी मागायला लाजते. पण त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी तो हॉल डोळ्यांसमोर आणला, बाकं आणली, पहिल्या सुराच्या वेळी कोण कोण बोलत असेल आणि कोणत्या सुराला ती गप्प होतील हेही ठरवलं. मला टाळ्या नको होत्या. तो उजेड माझ्याखेरीज आणखी कुणापर्यंत पोचतो का, एवढंच एकदा बघायचं होतं. आयुष्यात मी उघडपणे मागितलेली ती एकच गोष्ट. आणि तीही मी मागितली नव्हती. अप्पांनी आपण होऊन देऊ केली होती.

तृतीयेच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत. मंडळींना अक्षय तृतीयेच्या मुहूर्तालाच यायचं होतं. आत्या म्हणाली, "चारचौघांत पेटी वाजवणारी मुलगी म्हणजे नाटकवाल्यांतली समजतील. आणि त्यांना कळलं तर?" अप्पांनी चष्मा पुसला. कोर्टात त्यांची कीर्ती पुढची तारीख मागून घेण्यात होती. घरातही त्यांनी तीच मागितली. "दिवाळीत बघू. दिवाळीलाही कार्यक्रम असतोच."

ऑर्गन लपवायला जागा नव्हती. म्हणून त्यावर गोधडी टाकली, गोधडीवर चादर, चादरीवर देवाची तसबीर. तो एखाद्या कपाटासारखा दिसू लागला. मंडळी आली. मला त्याच्यासमोरच खुर्चीवर बसवलं. मुलाच्या मावशीने चहाचा पेला त्याच्यावरच ठेवला. वाचनालयाचा हॉल आमच्या आळीपासून लांब नाही. खिडकीतून तबल्याची थाप आणि मधूनच टाळ्या ऐकू येत होत्या. मला नाव विचारलं, मी सांगितलं. स्वयंपाकाचं विचारलं, सांगितलं. मग मोठी माणसं आपापसांत बोलू लागली आणि माझ्या डोक्यात खालचा सूर सुरू झाला. मी तो थांबवला नाही. निदान इथे तरी वाजू दे, असं वाटलं.

"मुलीचे पाय का हलताहेत?" मावशींनी विचारलं.

सगळ्यांनी बघितलं. पातळाच्या निऱ्या खाली-वर होत होत्या. डावा, उजवा, डावा, उजवा. आत्या घाईने म्हणाली, "लाजतेय हो."

"लाजेने मान खाली जाते. पाय नाही हलत." मावशींनी चहाचा पेला उचलला, आणि आपल्या बहिणीच्या कानाशी, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वाताचं काहीतरी दिसतंय. लहान वयातच आहे म्हणजे पुढे काय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कारण माहीत होतं. मला माहीत होतं. आत्यालाही माहीत असावं. मधे गोधडीखाली ते कारण सबंध उभं होतं, तसबीर आणि बशा अंगावर घेऊन. ती चादर ओढायची, एवढंच काम होतं. पण मुलगी ऑर्गन वाजवते यापेक्षा मुलीला वात आहे हे त्या खोलीत त्यातल्या त्यात बरं ठरलं. अप्पा म्हणाले, "हवा फार उष्ण आहे." स्थळ अर्थातच पुढे गेलं नाही. पुण्याला ती गोष्ट मात्र आमच्या आधी पोचली. पुढे आषाढात मला मामांकडे दाखवायला नेलं, तेव्हा तिथल्या मंडळींनी मला आधी चालून दाखवायला सांगितलं.

मी परत आले तेव्हा पावसाने जोर धरला होता. पुढची खोली रिकामी होती. आत्या मोठ्या उत्साहाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. चुलीच्या वरच्या माळ्यावर, बियाण्याच्या कणग्या, सुकवलेली कोकमं आणि लसणीच्या जुड्यांच्या मधे, किंतानात गुंडाळलेला माझा ऑर्गन बसला होता.

"चार गडी लावून चढवला," ती म्हणाली. "तुझी पुस्तकं बघ कशी बुरशीने हिरवी झालीत. म्हटलं, तुझी पेटी नाही खराब होऊ द्यायची. इथे पावसाळाभर धग लागते. आमच्या घरात या माळ्यावरचं बियाणं कधी वाया गेलेलं नाही."

मला तेव्हा धड कळलं नाही की आनंद मानायचा की भ्यायचं. पुण्याच्या प्रार्थनेच्या खोलीला असा पाऊस माहीत नव्हता. तिथे ऑर्गन बारा महिने जागच्या जागी असे. खाली काढू या म्हटलं, तर आत्या म्हणाली, भर श्रावणात? दसऱ्याला काढू. रोज चूल पेटे. जाळ मोठा नसे. ओली लाकडं धुमसत राहत, आणि धूर आणि ऊब सावकाश माळ्याच्या फळ्यांमधून वर जात. मी भाकरी थापताना वर बघायची. मनातल्या मनात दिवाळीच्या कार्यक्रमाची तयारी करायची.

दसऱ्याला तो उतरवला. बाहेरून तो आधीपेक्षा चांगला दिसत होता. लाकूड तेल प्यायल्यासारखं काळं, चकचकीत. मी बसले आणि पाय टाकले. आतून कागद फाटल्यासारखा आवाज आला. मग एक उसासा, आणि पट्ट्यांच्या फटींतून काजळी बाहेर आली. भात्याचं कापड पापडासारखं झालं होतं. घडी होती तिथे तिथे चिरलेलं. आतली कातडी वाळून आक्रसलेली. सुरांच्या पितळी जिभांवर धुराचा चिकट थर. कुठल्याही पट्टीवर बोट ठेवलं तरी एकच गोष्ट ऐकू येई, वारा निसटल्याची.

आत्या पदर तोंडाशी धरून रडली. "मी तर बियाण्यासारखा जपला गं तो." आणि ते खरं होतं. या घरात जपण्याची जी सगळ्यात मोठी रीत आहे, त्या रीतीने तिने तो जपला होता. तिच्यावर रागावण्याइतकीही जागा तिने मला ठेवली नव्हती. तिचेच डोळे मला पुसावे लागले. अप्पा वाकून बघून म्हणाले, "मुंबईला कारागीर असतात. बघू."

मला कधीतरी वाटतं, कुणी तो कुऱ्हाडीने फोडला असता तर बरं झालं असतं. आवाज तरी झाला असता. लोक जमले असते, कुणीतरी अपराधी ठरलं असतं. आमच्याकडे जाळ होऊ देत नाहीत. वाऱ्याच्या उलट बाजूने लावतात, वरून माती पसरतात, आणि धग सावकाश खाली उतरू देतात. वर सगळं शांत दिसतं. मग ती जमीन भाजलेली आहे हे चालणाऱ्याच्या पायालाच तेवढं कळतं.

त्याला आता काही वर्षं झाली. स्थळं यायची थांबली तेव्हा मला मुलींच्या शाळेत शिकवायची परवानगी मिळाली. शाळेत एक हातपेटी आहे. तिच्यावर मी प्रार्थना वाजवते. राबाचं गाणं तिच्यावर एकदा करून बघितलं. दोन हातांचं आणि दोन पायांचं काम एका हाताला सांगितल्यासारखं झालं; पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

आज शाळेतून घरी आले तर मागच्या दाराशी पारूबाई बसलेली. बियाणं न्यायला आली होती. कोळंबा भाताचं बियाणं आमच्याकडे ठेवतात, कारण आमच्याकडे ते उंदरांपासून सुरक्षित असतं. सुरक्षित कुठे, तर ऑर्गनमध्ये. आत्याने पट्ट्या आणि भाता काढून त्याचं पोट मोकळं करून घेतलं आहे. लाकूड जाड, झाकण घट्ट. "नाटकवाल्यांनी पेटी मजबूत केली होती हो," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

आत्या मापाने दाणे काढत होती. मी समोरच्या स्टुलावर बसून पोत्याचं तोंड धरलं.

"ते राबाचं गानं झालं काय गो बाय?" पारूबाईने अचानक विचारलं. तिच्या एकटीच्याच ते लक्षात होतं. "शेन घातलंस काय त्यात?"

"झालं होतं," मी म्हटलं.

"मग म्हन की."

खालच्या पायपट्ट्या आत्याने काढलेल्या नाहीत; काढल्या तर पेटीचा तळ सुटतो म्हणून राहू दिल्यात. माझा पाय केव्हा त्यांच्यावर गेला ते कळलं नाही. डावी खाली गेली, मग उजवी. खाली वारा नव्हता, ओढ नव्हती. पायाला काहीच लागलं नाही. वर दाणे तेवढे थोडे सरकले.

पारूबाईची नजर खाली गेली. "पाय दुखतात काय गो?"

"तिला ती खोडच आहे," आत्या म्हणाली. "तू लक्ष नको देऊ."

पारूबाईने मूठभर दाणे हातात घेऊन चोळले, एक दाणा दाताखाली फोडून बघितला आणि समाधानाने मान हलवली. बियाणं यंदा चांगलं सुकलं होतं. मी पोत्याचं तोंड आवळून तिच्या हातात दिलं.